शेवाळाला उपाशी ठेवताना

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्रकल्प निवडायची वेळ आली तेव्हा वर्गातल्या बऱ्याच जणांनी औषधी वनस्पती पकडल्या. अर्क काढायचा, दोन-चार जिवाणूंवर टाकायचा, भोवती पडलेलं वर्तुळ पट्टीने मोजायचं. दिवाळीच्या आत निम्मं काम उरकतं. माझ्या वाट्याला निळं-हिरवं शेवाळ आलं, कारण माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे एक नमुना पडून होता आणि त्याचं नाव काही केल्या लागत नव्हतं.

नमुना ठाण्याचाच. शीळफाट्याच्या पुढे, टोलेजंग इमारतींच्या मधेमधे, अजून थोडी भाताची खाचरं उरली आहेत. त्यातल्या एका खाचरातली ही मे महिन्यातली माती. कापणीपासून कोरडी पडलेली, भेगाळलेली, हाताने फुटणार नाही इतकी टणक. ते ढेकूळ चुरून पेट्री डिशमध्ये घातलं, वर नायट्रेट नसलेलं मीडियम (शेवाळ वाढवायचं क्षारांचं द्रावण) ओतलं आणि डिश ट्यूबलाइटखाली ठेवली. पंधरवड्यात मातीवर गर्द हिरवे मखमली डाग उठले. स्लाइड केली तर एकापुढे एक जोडलेल्या पेशींचे तंतू आणि तंतूच्या टोकाला एक फिकट, जाड भिंतीची पेशी. ही टोकाची पेशी म्हणजे हेटेरोसिस्ट. हवेतला नायट्रोजन पकडून त्याचा अमोनिया करायचं काम हिच्याकडे. ती अशी टोकालाच बसलेली असली की प्रजाती (जीनस) सिलिंड्रोस्पर्मम, इथवर कुणाचं दुमत नव्हतं. अडलं होतं ते जातीपाशी (स्पीशीजपाशी).

जात ठरवायला आपल्याकडे आजही देसिकाचारींचा ‘सायनोफायटा’ उघडला जातो, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५९ मध्ये काढलेला जाडजूड ग्रंथ. त्यातल्या किल्लीवरून, म्हणजे एकेका प्रश्नाने नावापर्यंत नेणाऱ्या यादीवरून, उतरत सिलिंड्रोस्पर्ममला पोचलं की प्रश्न येतात ते बीजाणूंबद्दल. भिंत गुळगुळीत आहे की उंचवट्यांची, आकार अंडाकृती की लांबट, रुंदी किती, लांबी किती. आणि आमच्या फ्लास्कमध्ये बीजाणूच नव्हते. शेवाळ छान वाढत होतं, काचेवर चढत होतं, पण बीजाणू शोधून सापडत नव्हता.

मॅडमनी फ्लास्क उजेडाकडे धरून पाहिला. “पोटभर खायला घालतेस, मग ते कशाला बीजाणू करील? उपाशी ठेव.”

ऐकायला सोपं वाटलं. बी.एस्सी.च्या पुस्तकातही एका ओळीत हेच असतं: प्रतिकूल परिस्थितीत निळं-हिरवं शेवाळ अकायनेट नावाचे बीजाणू तयार करतं. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. प्रयोगशाळेत उभं राहिल्यावर मात्र या ओळीचा काही उपयोग नाही. प्रतिकूल म्हणजे नक्की काय कमी करायचं? नायट्रोजन? फॉस्फेट? उजेड? पाणी? आणि किती कमी, किती वेळ?

आधी अकायनेटबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. निळं-हिरवं शेवाळ हे नावापुरतं शेवाळ, मुळात ते प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणूच. तंतूतली एखादी साधी पेशी फुगू लागते, तिच्यात ग्लायकोजेन आणि सायनोफायसिन साठतं (सायनोफायसिन म्हणजे नायट्रोजनचं राखीव भांडार), भोवती जाड वेष्टण येतं, आणि ती पेशी कोरड, थंडी, काळोख सोसायला तयार होते. इतर काही जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातूनही निभावून जातात. अकायनेटचं तसं नाही, कडक उष्णतेपुढे ते टिकत नाहीत. पण वाट बघण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. इंग्लंडमधल्या रॉस्टर्न मिअर तळ्याच्या तळाशी साचलेल्या गाळातून काढलेले सुमारे ६४ वर्षांपूर्वीचे अकायनेट रुजले होते. हे वाचल्यावर आमच्या खाचरातली सात महिन्यांची कोरड मला किरकोळ वाटायला लागली.

आता मीडियम. आम्ही वापरत होतो ते बीजी-११, निळ्या-हिरव्या शेवाळांसाठी जगभर वापरलं जाणारं. लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि फक्त ४० मिलिग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट. बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, लोह, आणि बोरॉन, मँगनीज, जस्त, मॉलिब्डेनम, तांबं, कोबाल्ट यांचा चिमूटभर अंश. यातलं मॉलिब्डेनम वगळून चालत नाही, कारण हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमला तेच लागतं. नायट्रेट वगळलं की हेच मीडियम नायट्रोजनमुक्त होतं आणि हेटेरोसिस्टवाली शेवाळं त्यात आरामात जगतात. भाताच्या खाचरात नेमकं हेच होतं. बंगालच्या भातखाचरातल्या मातीवर काम करून पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिलं होतं की तिथली नायट्रोजनची भर मुख्यतः या शेवाळांची आहे.

म्हणजे नायट्रोजन काढून घेऊन या बाईंना उपाशी ठेवता येत नाही, त्यांचं स्वयंपाकघर हवेवर चालतं. राहिलं फॉस्फेट. ते हवेतून येत नाही.

मी नायट्रेट न घालता चार प्रकारची मीडियम करायची ठरवलं: पूर्ण फॉस्फेट, चौथा हिस्सा, दहावा हिस्सा आणि शून्य. वहीत आराखडा लिहून मॅडमना दाखवला. त्यांनी लाल पेनाने एकच शब्द लिहिला: “पोटॅशियम?” डायपोटॅशियम फॉस्फेट काढलं की फॉस्फेटबरोबर पोटॅशियमही जातं. मग पुढे वाढ खुंटली तर ती कशामुळे, हे कोण सांगणार? त्यामुळे जेवढं फॉस्फेट कमी, तेवढ्या पोटॅशियमची भरपाई पोटॅशियम क्लोराइडने करायची. शून्यवाल्या मीडियममध्ये लिटरला साधारण ३४ मिलिग्रॅम.

दुसरी भानगड काचेच्या भांड्यांची. आमचे प्रयोगशाळेतले काका फ्लास्क कपडे धुवायच्या पावडरीने घासतात, लखलखीत करतात. पावडरीत फॉस्फेट असू शकतं आणि काचेला ते चिकटून राहतं. मग सगळे फ्लास्क पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवायचे आणि डिस्टिल्ड पाण्याने विसळून काढायचे. काकांना हे अजिबात पटलं नाही. “मी धुतलेलं परत धुतेस?” म्हणून ते काही दिवस माझ्याशी मोजकंच बोलत होते. ऑटोक्लेव्हची (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राची) वेळ मिळवायला त्यांचीच मर्जी लागते, त्यामुळे वडापाव देऊन समेट करावा लागला.

पेरणीआधी शेवाळ सेंट्रिफ्यूज करून फॉस्फेटमुक्त मीडियमने धुतलं. फ्लास्क रॅकवर लावले आणि रोज सकाळी जाऊन बघायला लागले.

पहिला आठवडाभर चारही फ्लास्क सारखेच हिरवे. शून्यवालासुद्धा! फॉस्फेटचा कणही न घालता शेवाळ दणकून वाढतंय. मी पुन्हा ॲसिडवर संशय घेतला, डिस्टिल्ड पाण्यावर घेतला, मीठ तोलणाऱ्या काट्यावर घेतला. कारण शेवटी शेवाळाच्या पेशीतच निघालं. आमच्याकडे आगरी-कोळी घरांत पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात, सुकी मासळी, मसाला, तांदूळ भरून ठेवतात. तसं हे शेवाळ फॉस्फेट मुबलक असताना गरजेपेक्षा जास्त ओढून घेतं आणि पॉलिफॉस्फेटच्या कणांच्या रूपात साठवून ठेवतं. बाहेरून कितीही बंद करा, ही बेगमी असेपर्यंत पेशी विभागतच राहतात. प्रत्येक विभाजनात साठा निम्मा-निम्मा वाटला जातो, तेव्हा कुठे टंचाई जाणवते.

मला वाटतं या सगळ्या प्रकल्पातली कळीची गोष्ट हीच होती. मीडियममध्ये फॉस्फेट किती, यावरून शेवाळ उपाशी आहे की नाही ते कळत नाही. ते आधी कुठे वाढलं होतं यावर ठरतं. त्यानंतर मी पेरणीसाठी वापरायचं शेवाळच आधी फॉस्फेटमुक्त मीडियममध्ये वाढवून, पुन्हा नव्या फॉस्फेटमुक्त मीडियममध्ये टाकून, बेगमी रिकामी करून घेऊ लागले.

उपासमार खरंच लागली का, हे बघायची एक सोपी चाचणी आहे. फॉस्फेट कमी पडलं की पेशी अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढवतात, जेणेकरून पाण्यातल्या सेंद्रिय संयुगांना जखडलेलं फॉस्फेट तोडून घेता यावं. पॅरानायट्रोफिनाइल फॉस्फेट नावाचं रंगहीन द्रव्य टाकलं तर हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि द्रावण पिवळं होतं. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज याच तत्त्वावर तपासतात. पूर्ण फॉस्फेटच्या फ्लास्कमधलं शेवाळ घातलेली परीक्षानळी जवळपास तशीच राहिली. शून्यवाल्या शेवाळाची नळी बघता बघता पिवळीधमक झाली. बीजाणूंचा पत्ता नव्हता, पण भूक लागली होती एवढं नक्की झालं.

पुढचे काही दिवस वाढ मंदावली. हे मोजायचं कसं, हा वेगळाच त्रास. एकपेशीय शेवाळ असतं तर गढूळपणा मोजून भागलं असतं. हे तंतूमय, गोळे करून बसतं. नळीत हलवलं तरी एक गोळा इकडे, एक तिकडे, आणि प्रत्येक वेळी आकडा वेगळा. म्हणून ठरावीक आकारमान फिल्टर करून, मिथेनॉलमध्ये क्लोरोफिल काढून त्याचं शोषण मोजायचं. हे शोषण मोजणाऱ्या आमच्या विभागातल्या स्पेक्ट्रोफोटोमीटरचा दिवा तेव्हाच गेला. मैत्रीण कोपरखैरण्याला एका प्रयोगशाळेत काम करत होती, तिने मोजू द्यायचं कबूल केलं. मग फिल्टर फॉइलमध्ये गुंडाळून, बर्फाच्या डब्यात ठेवून ट्रान्स हार्बरने ठाण्याहून निघायचं. लेडीज डब्यात एक मावशी सारख्या डब्याकडे बघत होत्या. ऐरोली गेल्यावर राहवेना, “कोलंबी हाय का गो?” शेवाळ म्हटल्यावर त्यांची निराशा लपली नाही.

मग एका सकाळी शून्यवाल्या फ्लास्कच्या स्लाइडवर ते दिसलं. टोकाला नेहमीचा हेटेरोसिस्ट आणि त्याला लागून असलेली पेशी शेजारणींपेक्षा दुप्पट जाड. आत दाणेच दाणे, कडेला उठून दिसणारी रेष. त्याच्या पुढच्या पेशी मात्र नेहमीच्याच. त्यानंतर दर दोन दिवसांनी बघत गेले. दाणे वाढत गेले, पेशी लांबली, तिची निळसर-हिरवी झाक जाऊन भिंतीवर सोनेरी-तपकिरी रंग चढला, आणि उरलेला तंतू फिका पडून विरघळू लागला. शेवटी स्लाइडवर नुसतेच सुटे बीजाणू, काहींना अजून हेटेरोसिस्ट चिकटलेला. भिंत गुळगुळीत, आकार अंडाकृती, मापं जुळली. आम्ही सिलिंड्रोस्पर्मम मस्किकोलापाशी येऊन थांबलो. प्रकल्पाचा मूळ हेतू इथे संपत होता, पण वर्षाचा बराच भाग शिल्लक होता आणि आता मलाच चैन पडेना.

बीजाणू हेटेरोसिस्टच्या शेजारीच का? आमच्या आधी लोकांनी यावर डोकं घातलेलं होतं. वोल्क या संशोधकांनी १९६६ मध्ये ॲनाबिना सिलिंड्रिका या दुसऱ्या निळ्या-हिरव्या शेवाळाचे तंतू तोडून हेटेरोसिस्ट वेगळे केले, तर पूर्वीच्या शेजारी पेशी बीजाणू बनायच्या थांबल्या. मी तंतू तोडायच्या फंदात पडले नाही. मी हेटेरोसिस्टच होऊ नयेत असं बघितलं, म्हणजे तयार नायट्रोजन खायला दिला. भरपूर नायट्रेट आणि कमी फॉस्फेट असलेल्या फ्लास्कमध्ये हेटेरोसिस्ट कमी झाले आणि बीजाणूही उशिरा, तुरळक आले. अमोनियमवर तर दोन्ही जवळपास गायब. अमोनियमचा प्रयोग मात्र सरळ झाला नाही; शेवाळ अमोनियम खातं तसं मीडियम आंबट होत जातं, सामू घसरतो आणि शेवाळ पिवळं पडतं. सामू स्थिर ठेवणारं बफर घातल्यावर ठीक झालं. पुस्तकातलं ‘प्रतिकूल परिस्थिती’ इथे साफ आडवं पडतं: दोन्ही फ्लास्कमध्ये फॉस्फेटची टंचाई सारखीच, पण ज्याला नायट्रोजन आयता मिळतोय त्याचे बीजाणू कमी.

आणि मग पूर्ण फॉस्फेटच्या फ्लास्कने गोंधळ घातला. तो रॅकवर तसाच राहिला होता, गडद, जवळजवळ काळपट हिरवा. सहज स्लाइड केली तर त्यातही बीजाणू! आता फॉस्फेटचं कारण कसं सांगायचं? दोन शक्यता होत्या. इतकं शेवाळ वाढल्यावर ४० मिलिग्रॅमही संपलं असेल. किंवा शेवाळ इतकं दाट झालं की आतल्या तंतूंना उजेडच मिळत नसेल. नॉस्टॉक या आणखी एका निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही वाणांत उजेडाची टंचाई हेच बीजाणूंचं मुख्य कारण ठरलेलं आहे. फोनवरच्या लक्स मीटरने फ्लास्कच्या पुढे आणि मागे मोजून पाहिलं. मागे जवळपास अंधार.

मी तो दाट फ्लास्क वाटून घेतला, बीजाणू नुकतेच दिसायला लागले होते तोवरच. एका वाट्यात फक्त फॉस्फेट घातलं. दुसरा वाटा त्याच फ्लास्कच्या गाळलेल्या पाण्याने पातळ केला, म्हणजे अन्न तेच, उजेड जास्त. तिसऱ्यात दोन्ही. मॅडमनी ऐकून विचारलं, “त्या जुन्या पाण्यातच काही असेल तर?” त्यांचा रोख हिरोसावा आणि वोल्क यांच्या १९७९च्या कामाकडे होता, सिलिंड्रोस्पर्ममच्याच एका जातीच्या कल्चरमधून त्यांनी बीजाणू बनायला चालना देणारं द्रव्य वेगळं काढलं होतं. म्हणून चौथा वाटा ताज्या, फॉस्फेटमुक्त मीडियमने पातळ केला.

नुसतं फॉस्फेट घातलेल्या वाट्यात बीजाणू कमी झाले, पण येत राहिले. जुन्या पाण्याने पातळ केलेल्यात ते वाढतच गेले. ताज्या फॉस्फेटमुक्त मीडियममध्ये थोडे मागे पडले, मग तेही त्याच वाटेने गेले. फॉस्फेट आणि उजेड दोन्ही मिळालेला वाटा मात्र पुन्हा हिरवागार होऊन वाढायला लागला, आणि त्यात नवा बीजाणू दिसला नाही. आमच्या या वाणापुरतं तरी असं दिसलं की टंचाई कुठल्या मार्गाने येते हा नंतरचा प्रश्न. विभाजन मंदावलं आणि शेजारी हेटेरोसिस्ट असला की ती पेशी बीजाणूकडे वळते.

मधल्या काळात दुरुस्तीसाठी दिवसदिवस वीज जायची आणि रॅक अंधारात जायचा. शेवाळाचं त्याने फार बिघडलं नाही, तारखांची तेवढी गणितं बिघडली.

भातासाठी नीलहरित शैवालाचं जैविक खत बनवतात, त्याची रीत या प्रयोगानंतर मला नीट कळली. उथळ टाकीत माती, पाणी आणि सुपरफॉस्फेट घालून शेवाळ वाढवतात. सायीसारखा थर जमला की पाणी भरणं थांबवून टाकी उन्हात सुकू देतात आणि सुटलेल्या पापड्या पिशवीत भरतात; लावणीनंतर साधारण आठवड्याने हेक्टरी १० किलो टाकायची शिफारस असते. सुपरफॉस्फेट कशाला, असा प्रश्न मला पूर्वी पडला असता. आधी भरपूर वाढ आणि पेशीत भरपूर बेगमी, मग पाणी आणि अन्न दोन्ही तोडायचं. फॉस्फेट सुरुवातीलाच आखडतं घेतलं तर बीजाणू लवकर येतील, पण पापडीच इतकी पातळ होईल की पिशवी भरायची नाही. बाजारातल्या पापड्यांची एक पिशवी मी विकत घेऊन बघितली. तिच्यात माती भरपूर आणि शेवाळ शोधावं लागेल इतकं होतं. घ्यायचीच असेल तर चिमूटभर पापडी पाण्यात टाकून आठवडाभर उजेडात ठेवून बघा, हिरवी झाली तरच शेतात न्या.

शेवटचं काम रुजवण्याचं. बीजाणू फिल्टर पेपरवर सुकवून कागदी पाकिटात ठेवले होते. त्यातला तुकडा कापून ताज्या, पूर्ण फॉस्फेटच्या मीडियममध्ये टाकला; एक फ्लास्क उजेडात, एक काळ्या कागदात गुंडाळून. काळ्या कागदातला तसाच राहिला. उजेडातल्यात बीजाणूच्या आत आधी दोन-तीन पेशी झालेल्या दिसल्या, मग भिंतीचं एक टोक उघडून छोटा तंतू बाहेर सरकला. सोनेरी-तपकिरी टरफल मागे रिकामं राहिलं. तंतू जेमतेम काही पेशींचा असतानाच त्याच्या टोकाची पेशी फिकट होऊन हेटेरोसिस्ट व्हायला लागली, कारण हे मीडियमही नायट्रेट नसलेलं होतं.

यंदा हा विषय एका ज्युनियरने पुढे घेतलाय, तिला उजेडाचा भाग वेगळा काढायचा आहे. तिला मी पाकिटं दिली, पोटॅशियम क्लोराइडचं गणित दिलं आणि काकांसाठी वडापाव कुठून घ्यायचा तेही सांगितलं. फ्लास्क काचेच्या कपाटात ठेवू नकोस म्हटलं, तिथे दुपारी ऊन येतं. तिने अजून बेगमी रिकामी करून घेतलेली नाही, त्यामुळे परवा तिचा मेसेज आला: “ताई, शून्यवाला पण वाढतोय!”